झाडांवरील बांडगुळे नेमकी कशी ओळखावीत? (ठाणे – नवी मुंबई परिसर)

घोडबंदरकर

आमच्या गृहसंकुलाच्या आवारात, घोडबंदर रस्त्यालगत, आंब्याची काही जुनी झाडे आहेत. इमारती उभ्या राहण्याआधी येथे जी वाडी होती, तिच्यातली ही उरलेली झाडे. त्यांपैकी दोन झाडांच्या वरच्या फांद्यांवर आंब्याच्या पानांशी न जुळणारे, किंचित राखाडी झाक असलेल्या पानांचे मोठे झुबके दिसतात. ही बांडगुळेच आहेत आणि झाड वाळण्यापूर्वी ती सगळी कापून टाकावीत, असा प्रस्ताव आमच्या कार्यकारिणीपुढे आला आहे.

माझा छाटणीला विरोध नाही. परंतु ज्या झाडावर आपण करवत चालवणार, त्यावर काय उगवले आहे हे आधी नक्की ठरावे, एवढाच माझा आग्रह आहे. कारण त्याच आवारातील पर्जन्यवृक्षावर नेचे वाढलेले आहेत, एका बकुळीच्या खोबणीत पिंपळाचे रोप आहे, आणि बैठकीत या सर्वांचा उल्लेख ‘बांडगुळे’ असाच झाला. जमिनीवर उभे राहून, झाडावर न चढता, बांडगूळ खात्रीने ओळखण्याची काही रीत आहे का? आणि आपल्या भागात त्याच्या किती वेगवेगळ्या जाती भेटतात? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पर्णिका

तुमचा आग्रह अगदी योग्य आहे. झाडावर वाढणारी प्रत्येक वनस्पती झाडाचे शोषण करत नसते, आणि सगळा गोंधळ तेथूनच सुरू होतो.

सर्वप्रथम पानांकडे न पाहता सांध्याकडे पाहावे. ज्या ठिकाणी ती वनस्पती फांदीला चिकटलेली आहे, ती जागा दुर्बिणीतून किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठी करून नीट न्याहाळावी. नेचे आणि ऑर्किडे सालीला केवळ बिलगून राहतात. त्यांची मुळे सालीवरून पसरलेली स्पष्ट दिसतात आणि ती फांदीच्या आत शिरत नाहीत; पावसाचे पाणी, दव आणि सालीच्या भेगांत साठलेला पालापाचोळा यांवर त्यांचे भागते. तुमच्या पर्जन्यवृक्षावरील नेचे बहुधा ‘बाशिंग’ असावेत. त्याच्या बुडाशी ओकच्या पानासारखी, तपकिरी, वाळलेली पाने फांदीला कवटाळून असतात आणि त्यांतून हिरवी, खोल कातरलेली लांब पाने वर येतात. येऊरच्या वाटेवर पावसाळ्यात कोणीही ते पाहू शकेल. त्याला हात लावण्याचे काहीच कारण नाही.

पिंपळ, वड, उंबर यांची रोपे पक्ष्यांच्या विष्ठेतून खोबणीत रुजतात. तीही परजीवी नव्हेत, मात्र त्यांची मुळे खोडावरून खाली उतरून जमीन गाठतात आणि पुढे मूळ झाडाला वेढून टाकतात, म्हणून ती लहान असतानाच काढणे इष्ट.

बांडगुळाचा सांधा या सर्वांहून वेगळा असतो. तेथे यजमान झाडाची फांदी फुगून गाठीसारखी होते, आणि परजीवीचे खोड त्या गाठीतून थेट बाहेर आलेले असते, जणू त्याच झाडाची ती एक फांदी असावी. त्याची शोषकमुळे सालीखालील लाकडात शिरून तेथील जलवाहिन्यांना जोडलेली असतात. आपल्याकडील सर्वांत सामान्य बांडगूळ म्हणजे डेंड्रोफ्थी फाल्काटा. त्याची आणखी एक खूण अशी की त्याच्या बुडापासून दोरीसारखी मुळे यजमानाच्या फांदीवरून बाहेरच्या बाजूने सरपटत जातात आणि थोड्या-थोड्या अंतरावर पुन्हा आत शिरतात. अशी सरपटणारी मुळे दिसली, तर शंकेला फारशी जागा उरत नाही.

त्यानंतर पाने पाहावीत. आंब्याचे पान लांबट असते, डहाळीच्या टोकाशी त्यांची गर्दी असते, कोवळी पालवी तांबूस आणि लोंबती असते, आणि पान चुरगळले की कैरीच्या चिकासारखा वास येतो. बांडगुळाचे पान जाड, चामड्यासारखे आणि ठिसूळ असते, बहुधा समोरासमोर किंवा जवळजवळ समोरासमोर लागते, मधली शीर पुष्कळदा गुलाबी असते आणि चुरगळले तरी आंब्याचा वास येत नाही. मात्र या जातीची पाने आकाराने फार बदलतात, एकाच झुबक्यावर रुंद आणि अरुंद अशी दोन्ही सापडतात. म्हणून केवळ पानाच्या आकारावरून निर्णय करू नये. एखादा झुबका आंब्याच्याच पानांचा निघाला, तर तो झाडावरच्या लाल मुंग्यांनी पाने जोडून बांधलेले घरटे असू शकतो, किंवा बुरशीमुळे डहाळी खुरटून झालेला गुच्छही असू शकतो.

जात ठरवायची असेल तर फूल हवे. यासाठी झाडावर चढण्याची गरज नाही. हिवाळा सरता-सरता आणि उन्हाळ्यात झाडाखाली गळून पडलेली फुले गोळा करावीत आणि नळीच्या टोकाशी किती भाग आहेत ते मोजावेत. डेंड्रोफ्थीचे फूल बोटाच्या दोन पेरांएवढे, किंचित वाकलेल्या नळीचे असते. नळी एका बाजूने अधिक खोल चिरलेली असते आणि टोकाशी पाच अरुंद भाग मागे वळलेले असतात. रंग शेंदरी-नारिंगी असतो आणि टोके हिरवट. काही झाडांवर तेच फूल फिकट पांढरे असते, त्यामुळे रंग वेगळा म्हणून जात वेगळी मानू नये. हेलिकँथिस इलॅस्टिका या द्वीपकल्पीय भारतातील बांडगुळाची फुले पानांच्या बेचक्यात गुच्छाने येतात आणि उघडल्यावर त्यांच्या पाकळ्या पिळवटून मागे गुंडाळल्या जातात. तेही आंब्यावर भेटते. स्करूला परजीवीच्या फुलाला चारच भाग असतात आणि तिच्या कोवळ्या डहाळ्या व कळ्या तांबूस-तपकिरी लवीने झाकलेल्या असतात. मॅक्रोसोलेनमध्ये हे भाग सहा असतात. पाच, चार आणि सहा, एवढे मोजता आले तरी प्रजातींचा पुष्कळसा उलगडा जमिनीवर उभ्याने होतो.

खाडीकाठ

नेरूळमध्ये आमच्या इमारतीच्या कुंपणावरील मेंदी आणि बोगनवेलीवर पिवळ्या दोऱ्यांचे जाळे पसरले आहे. पाने नाहीत, मुळे दिसत नाहीत. हेदेखील बांडगूळच समजायचे का? आमचे माळीदादा त्याला अमरवेल म्हणतात.

पर्णिका

माळीदादांचे म्हणणे बरोबर आहे. ती अमरवेल, अर्थात कस्कुटा. ती गारवेलीच्या कुळातील आहे आणि बांडगुळाशी तिचे कसलेही नाते नाही. तिचे बी जमिनीत रुजते, कोवळा दोरा जवळच्या झुडपाला विळखा घालतो, त्याच्या खोडात शोषकमुळे रोवतो आणि मग जमिनीकडील भाग वाळून जातो. तिच्यात हरितद्रव्य नाममात्र असल्यामुळे ती तयार अन्नही यजमानाकडूनच घेते. बांडगूळ तसे करत नाही. त्याची हिरवी पाने स्वतःचे अन्न उन्हात तयार करतात आणि ते झाडाकडून मुख्यतः पाणी व क्षार घेते, म्हणूनच त्याला अर्धपरजीवी म्हणतात. चंदनही याच अर्थाने अर्धपरजीवी आहे, फक्त त्याचा सगळा व्यवहार जमिनीखाली शेजारच्या झाडांच्या मुळांशी चालतो.

समुद्रकिनाऱ्याकडे फिरताना मात्र एक काळजी घ्यावी. तेथे कॅसिथा नावाची हुबेहूब अशीच दोऱ्यांची वेल भेटते आणि तिलाही लोक अमरवेल किंवा आकाशवेल म्हणतात. तिचे दोरे बहुधा हिरवट असतात, आणि कुळाच्या दृष्टीने ती दालचिनीची नातलग आहे.

तुमच्या कुंपणावरील अमरवेल फुलण्याआधीच यजमानाच्या डहाळ्यांसकट कापून काढावी. ओढून तोडली, तर उरलेला तुकडा पुन्हा वाढतो.

शिंजीर

पर्णिका यांनी वनस्पतीची बाजू इतकी नीट मांडली आहे की मी पक्ष्यांच्या बाजूने भर घालतो, कारण पक्षी पाहूनही बांडगूळ शोधता येते.

टिकेलचा फुलटोच्या हा आपल्या देशातील सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक आहे. त्याची लांबी जेमतेम ८ सेंटिमीटर, रंग मातकट, चोच फिकट मांसल रंगाची. दिसायला अगदी साधा असल्यामुळे त्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही, पण त्याचा ‘चिक्-चिक्’ असा अखंड, टोकदार आवाज ओळखीचा झाला की ठाण्यातील तलावपाळीच्या झाडांपासून पारसिकच्या टेकडीपर्यंत तो सर्वत्र ऐकू येतो. ज्या झाडावर तो पुनःपुन्हा येतो, त्या झाडावर बांडगूळ असण्याची शक्यता दाट असते. बांडगुळाची फळे हे त्याचे मुख्य अन्न आहे. फळातील बीभोवती अतिशय चिकट गर असतो. पक्ष्याच्या पोटातून बी लवकरच, गरासकट बाहेर पडते आणि तो ते फांदीवर पुसून टाकतो. ते तेथेच चिकटते आणि मातीचा कणही न लागता, उजेड मिळाला की रुजू लागते. कधी कधी चिकट धाग्यात ओवल्यासारख्या अनेक बिया फांदीवरून लोंबताना दिसतात; तीही बांडगुळाच्या फळांची पक्की खूण समजावी.

फुलांचे कामही पक्षीच करतात. डेंड्रोफ्थीची पक्व कळी आपणहून पूर्ण उमलत नाही. फुलटोच्याने किंवा सूर्यपक्ष्याने ती चोचीत हलकेच दाबली की ती झटक्यात उघडते आणि पराग पक्ष्याच्या कपाळावर उडतात. डॉ. सालिम अली यांनी कोकणातील निरीक्षणांवरून बांडगूळ, सूर्यपक्षी आणि फुलटोच्ये यांच्या या परस्परसंबंधावर १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले होते. हा सारा अभ्यास आपल्याच मातीत, आपल्याच आंब्यांवर झालेला आहे, याचे मला फार मोल वाटते.

यावरून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. दाट जंगलाच्या आतल्या भागापेक्षा रस्त्याकडेच्या, वसाहतींतल्या आणि मोकळ्यावर उभ्या असलेल्या झाडांवर बांडगुळे जास्त दिसतात, कारण तेथे बियांना उजेड मिळतो आणि पक्ष्यांना सोयीच्या बैठका मिळतात.

वाडीवाला

मी मूळचा शहापूर तालुक्यातला, आता कळव्यात राहतो; गावाकडे आंब्याची वाडी आहे. ओळखीबद्दल अनुभवातून एवढेच सांगतो की पानगळीच्या दिवसांत पाहणी करावी. सावर, साग, मोह ही झाडे उघडी पडली की त्यांवरील हिरवा झुबका लांबून नजरेत भरतो. आंबा, फणस, चिकू ही सदाहरित झाडे मात्र फसवतात, आणि त्यांच्याबाबतीत सकाळच्या तिरप्या उन्हात झाडाभोवती फिरून पाहिले तर पानांच्या रंगातला फरक कळतो.

नुकसानीविषयीही लिहायला हवे, कारण येथे पक्ष्यांचे कौतुक वाचून कोणी निष्काळजी राहू नये. बांडगुळाची पाने यजमानाच्या पानांपेक्षा जास्त वेगाने पाणी बाहेर टाकतात आणि त्या जोरावर फांदीतले पाणी आपल्याकडे खेचून घेतात. त्यामुळे सांध्यापलीकडचा फांदीचा शेंडा आधी रोडावतो आणि मग वाळतो. सांध्याच्या अलीकडे फांदी जाड आणि पलीकडे काटकी, असे दिसले तर ते बांडगूळ बरेच जुने आहे असे समजावे. एखाद-दुसऱ्या झुबक्याने धडधाकट आंबा मरत नाही, पण मुख्य फांद्यांपैकी बहुतेकांवर झुबके आले, तर फळ घटते आणि उन्हाळ्यात झाड ताण सोसू शकत नाही.

घोडबंदरकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. येथील सूचनांप्रमाणे पाहणी केली आणि त्यातून हाती आलेले क्रमाने लिहितो.

पहिल्या आंब्याखाली गळालेली फुले मिळाली. नळी नारिंगी, टोके हिरवट, भाग पाच, आणि एका बाजूची चीर अधिक खोल. छायाचित्र मोठे करून पाहिल्यावर फांदीवरून सरपटत गेलेली मुळेही दिसली. त्यामुळे हे डेंड्रोफ्थी फाल्काटा असल्याबद्दल मला संशय उरलेला नाही. दुसऱ्या आंब्यावरचा एक झुबका मात्र लाल मुंग्यांचे घरटे निघाला, आणि उरलेल्या एका झुबक्याला अद्याप फूल नाही. त्याच्या फक्त सांध्याची गाठ दिसते.

एक गोष्ट मात्र कोड्यात टाकणारी आहे. पहिल्या झाडावरील मोठ्या बांडगुळाच्याच एका फांदीवरून, पाने नसलेल्या, चपट्या, पेरापेरांच्या हिरव्या काड्यांचा लहानसा जुडगा खाली लोंबतो आहे. तो बांडगुळाचाच भाग आहे, की आणखी काही?

पर्णिका

हे वाचून फार आनंद झाला, कारण वर्णनावरून ते व्हिस्कम आर्टिक्युलेटम असावे. ते बांडगुळावर वाढणारे बांडगूळ आहे. त्याचे खोड चपटे, सांध्यासांध्यांचे आणि हिरवे असते, पाने खवल्यांएवढी क्षुल्लक उरलेली असतात आणि फुले इतकी बारीक असतात की सांध्यापाशी भिंगाशिवाय दिसत नाहीत. ते झाडावर थेटही वाढते, परंतु अन्य बांडगुळांवर त्याचे वाढणे पुष्कळ ठिकाणी नोंदवलेले आहे. म्हणजे आंब्याने मुळांनी उचललेले पाणी डेंड्रोफ्थी घेते आणि डेंड्रोफ्थीकडून ते व्हिस्कम घेते. आपल्याकडे व्हिस्कमच्या आणखीही जाती आहेत. व्हिस्कम अँग्युलेटमच्या काड्या चपट्या नसून कोनदार असतात, तर व्हिस्कम ओरिएंटालेला व्यवस्थित पाने असतात. म्हणून काडीच्या आडव्या छेदाचे एक छायाचित्र मिळाले तर जात नक्की करता येईल.

युरोपात नाताळाच्या सजावटीसाठी दारावर टांगतात ते पांढऱ्या फळांचे बांडगूळ याच व्हिस्कम प्रजातीतले आहे. डेंड्रोफ्थी आणि व्हिस्कम यांची कुळे वेगळी आहेत. आधुनिक वर्गीकरणात व्हिस्कमचा समावेश चंदनाच्या कुळात होतो.

खाडीकाठ

आंब्यावरचे बांडगूळ औषधी असते असे आमच्या नात्यातील एक काकू सांगतात आणि त्या काढलेली पाने मागत आहेत. द्यावीत का?

पर्णिका

कृपया देऊ नयेत. आयुर्वेदात बांडगुळाचा उल्लेख ‘वंदाक’ या नावाने आहे हे खरे, परंतु ते घरच्या घरी वापरण्याचे द्रव्य नव्हे. परजीवी वनस्पती यजमानाच्या रसातील द्रव्येही आत घेऊ शकते. कण्हेरीवर वाढलेल्या डेंड्रोफ्थीमध्ये कण्हेरीची, हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये आढळल्याची नोंद आहे. तोडून आणलेल्या पानांवरून ते कोणत्या झाडावर वाढले होते हे कोणालाच सांगता येत नाही. काकूंना वैद्यांचा सल्ला घेण्यास सांगावे.

शिंजीर

छाटणीचा निर्णय घेण्यापूर्वी कार्यकारिणीपुढे आणखी एक मुद्दा ठेवावा, असे मला कळकळीने वाटते. हळदीकुंकू हे फुलपाखरू आपली अंडी बांडगुळाच्या पानांवर एकत्र घालते आणि त्याच्या पिवळसर, केसाळ अळ्या घोळक्याने तीच पाने खातात. पंखांच्या खालच्या बाजूला पिवळा रंग आणि कडेला लाल ठिपके असलेले हे फुलपाखरू आपण सोसायट्यांच्या बागांत नेहमी पाहतो. त्याची अळी आंब्याच्या पानावर वाढत नाही, गुलाबावरही नाही. तिला बांडगूळच लागते. पीकॉक रॉयल आणि गॉडी बॅरन ही फुलपाखरेही या वनस्पतींवरच वाढतात.

ऑस्ट्रेलियात डेव्हिड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्याने काही वनखंडांतील बांडगुळे मुद्दाम काढून टाकली आणि काही तशीच ठेवून तुलना केली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार, बांडगुळे काढलेल्या वनखंडांतील पक्ष्यांच्या जाती सरासरी एकपंचमांशाहून अधिक घटल्या. घटलेल्या जातींपैकी अनेक तर फुले-फळे न खाता किडे खाणाऱ्या होत्या. बांडगुळाची पाने भरपूर गळून जमिनीवर पोषक पाचोळा होतो आणि त्यावर किडे जगतात, असे त्याचे कारण मांडले गेले. आपले आवार म्हणजे जंगल नव्हे, हे मी जाणतो. परंतु ज्या झाडांना धोका नाही, त्यांवरील एखादे बांडगूळ राहू द्यावे, ही माझी विनंती आहे.

वाडीवाला

शिंजीर यांचे म्हणणे मला मान्य आहे, फक्त झाडामागे किती झुबके राहू द्यायचे हे झाडाची प्रकृती पाहून ठरवावे. आता कामाचे लिहितो.

घोडबंदरकर, पहिल्या आंब्यावरील ज्या फांद्यांचा शेंडा वाळत चालला आहे, तेवढ्याच घ्या. नुसते बांडगूळ ओढून किंवा कोयत्याने सपाट छाटून उपयोग होत नाही, कारण लाकडात राहिलेल्या शोषकमुळांतून ते पुन्हा फुटते. सांध्याच्या खाली, म्हणजे खोडाच्या बाजूला, साधारण एक फूट अंतर ठेवून फांदीच कापावी लागते, आणि डेंड्रोफ्थीची मुळे बाहेरून सरपटत गेलेली असतील तर ती संपतात तेथून पुढे हे अंतर मोजावे. बांडगूळ मुख्य खोडावर किंवा जाड फांदीवर असेल, तर ती फांदी घालवू नये. त्याऐवजी वरची वाढ दरवर्षी खुडत राहावी, म्हणजे त्याला फळ धरत नाही. तणनाशके फवारण्याचे किंवा खोडात रसायने टोचण्याचे सल्ले मिळतील, ते वसाहतीत मुळीच ऐकू नयेत. फुलटोच्ये तीच फळे खातात आणि मुले तेच आंबे खातात.

काम फळे पिकण्यापूर्वी करावे, आणि कापलेले झुबके झाडाखाली पडू न देता उचलावेत. फांदी छाटण्यासाठीही महापालिकेच्या उद्यान विभागाची लेखी परवानगी आधी घ्यावी. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ आपल्या दोन्ही महापालिकांना लागू आहे, आणि २०२१ च्या सुधारणेनंतर ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना प्राचीन वृक्ष म्हणून विशेष संरक्षण आहे. तुमचे आंबे वाडीच्या काळातले असतील, तर अर्जात त्यांचे अंदाजे वय अवश्य लिहा. अर्जासोबत सांध्याची आणि फुलांची छायाचित्रे जोडा, आणि कोणत्या फांद्या कापायच्या त्यांवर रंगाची खूण आधीच करून ठेवा, म्हणजे छाटणीच्या दिवशी करवत घेऊन वर चढलेल्या माणसाला खालून ओरडून सांगावे लागणार नाही. व्हिस्कम ज्या झुबक्यावर आहे त्या फांदीचा शेंडा अजून हिरवा असेल, तर तेवढी फांदी यादीतून वगळावी, असे माझे मत आहे.